चाळीसच्या वेगाने एसटीचा पाठलाग

मी तिचा बाप असल्याचं आमच्या गौरीने भर एसटीत सत्तेचाळीस प्रवाशांसमोर कबूल केलं, याचा मला अभिमान आहे. (प्रवासी एकूण अठ्ठेचाळीस होते. एक झोपला होता, तो मी धरलेला नाही.)

गौरी जालन्याला बी.एस्सी.ला आहे. अंबडहून रोज एसटीने जायची. दिवाळीनंतर एके दिवशी बसमध्ये तिला एकदम धडधडायला लागलं, हात गार पडले, सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटलं आणि ती मधल्याच फाट्यावर उतरली. दुसऱ्या दिवशी ती स्टँडवरून परत आली. तिसऱ्या दिवशी घराच्या दारातून! मग मीच तिला स्कूटरवर सोडायला लागलो. रोज दोन खेपा, एकशे चार किलोमीटर. मी बाजार समितीत वजनकाट्यावर काम करतो. शंभर ग्रॅमचा फरक मला झोपू देत नाही, तिथे लेकीच्या कॉलेजात खाडा कसा पडू देईन?

शेवटी जालन्याच्या मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, "बसमध्ये धोका नव्हता. पण मेंदूतली भीतीची घंटा वाजली, ही उतरली आणि लगेच बरं वाटलं. मेंदूने नोंद केली, उतरलो म्हणून वाचलो. आता तो रोज अगोदरच घंटा वाजवतो आणि टाळायला लावतो. जेवढं टाळाल तेवढी भीती पक्की."

"मी रोज स्कूटरवर सोडतो, डॉक्टरसाहेब," मी छाती पुढे काढून सांगितलं. "एक दिवस चुकवला नाही!"

"म्हणजे भीतीला तुम्ही रोज खुराक देताय," डॉक्टर म्हणाले.

छाती मी सावकाश आत घेतली.

मग पायरीपायरीने सुरुवात झाली. आधी नुसतं स्टँडवर बसायचं. मग आईबरोबर एक स्टॉप, मग तीन. शेवटची पायरी म्हणजे एकटीने थेट जालना. ती नेमकी प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी आली. परीक्षा साडेदहाला. चुकली तर वर्ष जाणार. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की फोन करायचा नाही, स्टँडवर यायचं नाही. बसच्या मागे जायचं नाही, असं मात्र ते कुठेही म्हणाले नव्हते. मी दोनदा आठवून खात्री केली.

गौरी निघाल्यावर मी स्कूटर काढली.

"कुठं निघालात?" बायको सुनंदाने विचारलं.

"टायरमध्ये हवा भरून येतो."

"हवा भरायला हेल्मेट? दुकान तर समोर दिसून राह्यलं!"

"नियम म्हणजे नियम!" मी म्हणालो आणि धुळीसाठी हेल्मेटखाली तोंडाला उपरणंही गुंडाळलं.

माझी स्कूटर चाळीसच्या वर जात नाही. (तिला जाता येतं. मी जाऊ देत नाही.) त्यामुळे एसटी पुढे निघून जायची आणि स्टॉपवर थांबली की मी गाठायचो. पहिल्या स्टॉपवर मी खिडक्या मोजत गेलो. गौरी सातव्या खिडकीत होती. रडत नव्हती. दुसऱ्या स्टॉपवर पुन्हा बघितलं. तिसऱ्या स्टॉपवर तिचे ओठ हलताना दिसले, म्हणून जरा जवळ जाऊन, टाचा उंचावून, काचेला हेल्मेट टेकवलं.

"ओ कंडक्टर!" आतून एक मावशी कडाडल्या. "हा तोंड बांधलेला मघापासून बसच्या मागं लागलाय! पोरीकडं बघून राह्यला!"

चार जण खाली उतरले. एकाने स्कूटरची किल्लीच काढून घेतली.

"काढ ते हेल्मेट!"

हेल्मेटचा पट्टा उपरण्याच्या गाठीत अडकला होता. ओढावं तशी गाठ आवळत होती. माझी छाती धडधडायला लागली, हात गार पडले, सगळी बस माझ्याकडे बघत होती. मेंदूने एका सेकंदात निर्णय दिला, पळ! किल्ली त्या माणसाच्या खिशात असल्यामुळे त्याची अंमलबजावणी झाली नाही.

तेवढ्यात गौरी बसच्या दारात आली. चेहरा पांढराफटक, हाताने दांडा घट्ट धरलेला. सत्तेचाळीस माणसं तिच्याकडे बघत होती. याच नजरांना भिऊन ती चार महिने एकटी बसमध्ये चढली नव्हती. तिने एक मोठा श्वास घेतला.

"ते माझे पप्पा आहेत."

"तोंड तर दिसून न्हाई राह्यलं," कंडक्टर म्हणाला. "कशावरून?"

"सगळा रस्ता मोकळा असून चाळीसच्या वर जात न्हाईत. दुसरं कोण असणार?"

बस हसली. मावशी सगळ्यात मोठ्याने.

"पण काका, मागं कशाला लागले?" कंडक्टरने विचारलं.

मी गाठीतून तोंड सोडवेपर्यंत गौरीनेच उत्तर दिलं. "मला बसमध्ये लई घाबरायला होतं. चार महिन्यांनी आज पहिल्यांदा एकटी चालले. आत्ताही धडधडून राह्यलंय. पण जल्दी चला, साडेदहाला माझी परीक्षा आहे."

शेजारणीलाही जे कळू दिलं नव्हतं, ते तिने भर रस्त्यात सगळ्या बसला सांगितलं! माझे डोळे भरून आले. (हेल्मेटचा हा फायदा कुणी सांगत नाही.) आणि अशा क्षणी बापाने काय बोलावं?

"चल, बस मागं," मी म्हणालो. "मी सोडतो."

गौरीने स्कूटरकडे बघितलं. चांगलं दोन-तीन सेकंद बघितलं. घंटा तिच्या डोक्यात वाजत असणार, हे मला बाहेरून दिसत होतं.

"न्हाई पप्पा," ती म्हणाली. "मी एसटीनंच जाते."

ती आत गेली आणि मावशींनी सरकून तिला जागा दिली. माझी मान ताठ झाली. अख्ख्या अंबड तालुक्यात अशी पोरगी नसेल!

कंडक्टरने त्या माणसाकडून किल्ली घेऊन माझ्या हातात ठेवली. "काका, पोरगी बराबर पोचती. तुम्हाला एकट्याला घरी जाणं जमंल ना?"

उत्तर द्यायला मी इतका वेळ लावला, की शेवटी त्याने रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसांना ओरडून विचारलं, "अंबडकडं चाललंय का रे कोणी? यांना जरा घरापर्यंत सोबत करा!"