तीन सीड्या आणि टायपिंगच्या बाई

सांगलीत तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. बी.एस्सी. झाल्यावर मी अशाच एका क्लासात लागलो. काम म्हणजे मशीनं पुसायची, अडली तर उघडायची आणि प्रॅक्टिकलला मुलांच्या मागं उभं राहायचं. शिकवणारे सर वेगळे होते. पण माण तालुक्यातल्या आमच्या वाडीत मी शिकवतो असं सांगून बसलो होतो. मेंढरं राखत आलेल्या आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडिलांनी लोणंदच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं होतं, "पोरगं मास्तर हाय, कम्प्युटरचं." खोटं बोलल्याची मला लाज वाटत नव्हती. ते लवकर खरं करायचं होतं, एवढंच.

संधी मालकांनी दिली. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर लिनक्सच्या, म्हणजे विंडोजच्या जागी फुकटात चालणाऱ्या सिस्टिमच्या, सीड्या यायच्या. त्यांनी तीन तऱ्हेच्या तीन जमवल्या होत्या. म्हणाले, "कॉम्प्युटरला कधी हात न लावलेला एक माणूस बसव. त्यानं कुणाला न विचारता पत्र लिहायचं, मशीनमध्ये ठेवायचं, मशीन बंद करून उठायचं. दुसऱ्या दिवशी येऊन तेच पत्र उघडून दाखवायचं. ज्या सीडीवर जमेल, तिची नवशिक्यांची बॅच काढू. बॅच तुझी."

माणूस शोधायला लागलो तेव्हा कळलं, सांगलीत मला माणूसच नाही. दोन वर्षं झाली होती. खानावळीत रोज शेजारी बसणाऱ्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. घरमालक नळाला पाणी आलं की दार वाजवायचे, तेवढाच संबंध. क्लासातली मुलं मशीनला सरावलेली. वहीत 'नवखा माणूस' असं लिहिलं आणि पुढची जागा दोन दिवस कोरी राहिली.

क्लासच्या खालच्या मजल्यावर टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. पन्नाशीच्या एक बाई ती एकट्या चालवायच्या. पूर्वी म्हणे जिन्यापर्यंत मुलं उभी असायची. आता आठ मशीनांतली दोन वाजायची. बाकीची मुलं एक मजला वर आमच्याकडे आली होती. तरी गेलो.

"मुलं नेलीत, आता मला न्यायला आलात का, सर?" बाई म्हणाल्या.

"सर नाही अजून. तुम्ही बसलात तर होईन."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "दुपारी एक ते तीन मला वेळ असतो. हल्ली जरा जास्तच असतो."

पहिल्या सीडीनं दारातच अडवलं. मशीननं नाव विचारलं, ते बाईंनी कॅपिटल अक्षरांत लिहिलं. प्रत्येक सरकारी फॉर्मवर तसंच लिहा म्हणतात. मशीनला लहान अक्षरं हवी होती. मग पासवर्ड. तो टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही. बाई थांबल्या, मागं न बघता म्हणाल्या, "रिबन संपलीय वाटतं." मी ठरल्याप्रमाणे गप्प. वहीत लिहिलं, नापास.

दुसरीवर चित्रं, खिडक्या सगळं होतं, पण खिडकी पडद्यापेक्षा मोठी. पत्र ठेवायचं बटण पडद्याच्या खाली कुठंतरी गेलेलं. बाईंनी अर्धा तास शोधलं. "टेबलाखाली बघू का?" म्हणाल्या, आणि मी दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत हसलो.

तिसरी लावायला मी मुद्दाम चार दिवस घेतले. तोवर दुपारी बाई नुसत्याच वर यायच्या, सोबत आणलेले शेंगदाणे टेबलावर ठेवायच्या आणि मी मशीन खोलत असताना बघत बसायच्या. फार बोलायच्या नाहीत. मीही नाही. पण एक वाजायच्या आत मी खानावळीतून परतलेला असायचो.

तिसरीवर त्यांना सगळं जमलं. पहिल्या वेळी अडलेलं ध्यानात ठेवून नाव लहान अक्षरांत, पासवर्ड न दिसता. बोटं तर त्यांची आमच्या सरांपेक्षा जलद. फक्त ओळ संपली की डावा हात टाइपरायटरचा दांडा ओढायला वर जायचा आणि मॉनिटरला लागायचा. त्यांनी टायपिस्टच्या जागेसाठीचा अर्ज लिहिला. तीस वर्षं मुलांकडून घटवून घेतलेला, त्यामुळं पाठच. तळाला स्वतःचं नाव घातलं, पत्र ठेवलं. मग उठल्या, मॉनिटरवर कापड ओढलं, आणि भिंतीकडं गेल्या. पंखा बंद, दिवा बंद, मग मशीनचं बटण. खाली रोज निघताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायच्या तसं.

मी मागं उभा होतो. 'थांबा' एवढं म्हटलं असतं तर बॅच माझी होती. पण काही सांगायचं नाही असं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा पडद्यावर इंग्रजी ओळी होत्या आणि मशीन म्हणत होतं, मला हातानं दुरुस्त करा.

"मी काय मोडलं?"

"काही नाही. बटण बंद करायच्या आधी त्याला सांगावं लागतं."

"काय? मी चालले म्हणून?"

"तसंच."

"मग सांगायचंत."

"न सांगता जमतं का, तेच बघायचं होतं."

मी दुरुस्ती केली. अर्ज सापडला, पण आपल्या जागी नव्हता. हरवलेल्या सामानासाठी मशीन एक कप्पा ठेवतं, त्यात पडला होता. दिलेलं नाव जाऊन त्याला नुसता एक नंबर लागलेला.

मालकांनी वही वाचली. "पत्र मिळालं की. पास लिही."

"मी काढलं म्हणून मिळालं. नवख्याला मिळालं नसतं. आपल्याकडं सगळे भिंतीवरचंच बटण दाबतात."

"अरे, तुझीच बॅच होती गड्या."

"माहीत आहे."

लिनक्सची बॅच निघाली नाही. दोन दिवसांनी बाई जिन्यात भेटल्या. "अजून एखादी सीडी राहिलीय का?"

"नाही. संपल्या."

"बरं," म्हणाल्या आणि खाली गेल्या. एखादी आहे म्हणायला काय हरकत होती, हे मला वर पोचल्यावर सुचलं. परत खाली जाऊन सांगणं मात्र जमलं नाही. शेंगदाण्यांची पुडी बरेच दिवस ड्रॉवरमध्ये होती.

दिवाळीला वाडीला गेलो. वडील कुडाजवळ दावं वळत बसले होते.

"पोरं ऐकत्यात का रं तुझं?"

"पोरं न्हाईत. एक बाई हुत्या. लय हुशार."

"मग?"

"शिकल्या."

"म्हंजी शिकवलंस की."

मी दाव्याचं दुसरं टोक धरलं. ते पीळ देत राहिले.