पडायला शिकवणारे प्रोफे

एफ्राइन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लायडन स्टेशनबाहेर सायकल लावत होते. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डचमध्ये चार ओळी. माझं डच बेताचंच, पण 'वारले' एवढा शब्द कळला… कुलूप लावायचं विसरूनच मी आत गेले. सायकल अर्थातच चोरीला गेली, आणि तिचं मला काहीच वाटलं नाही.

ते मेक्सिकोचे. आनेकेशी लग्न करून इथे आले आणि माझ्या लेकीच्या, सईच्या फुटबॉल क्लबात मुलींना गोलकीपिंग शिकवू लागले. मुली त्यांना 'प्रोफे' म्हणायच्या. आता लायडनमधल्या मराठी घरांत दर दुसरा माणूस पीएचडी. मला वाटलं, हे विद्यापीठातले प्रोफेसर! दोन महिने मी अदबीने 'सर, सर' करत होते. एकदा नवऱ्याच्या संशोधनाची फुशारकी मारून झाल्यावर विचारलं, "सर, तुमचा विषय कोणता?" ते गंभीरपणे म्हणाले, "पडणं." मी समजले, भौतिकशास्त्र! मेक्सिकोत कोचलाच प्रोफे म्हणतात हे सईने पोट धरून हसत सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मग मात्र आमची गट्टी जमली. कॉफी पिताना ते त्यांच्या गावच्या संघाबद्दल बोलायचे. अकरा वर्षं गोलकीपर, पण राखीव. "पहिल्या गोलकीपरला मेल्याला कधी सर्दीसुद्धा झाली नाही," असं हसत सांगायचे. सगळे मिळून नऊ सामने वाट्याला आले. मग गुडघा गेला आणि ते कोच झाले.

गेल्या वसंतात एका मोठ्या सामन्याला त्यांनी सईला बाकावर बसवलं आणि लॉटे नावाच्या दुसऱ्या मुलीला गोलात उभं केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या जिभेला हाड नाही, हे माहेरचे उगाच म्हणत नाहीत. सगळ्या पालकांसमोर मी त्यांना म्हणाले, "तुम्ही जन्मभर बाकावर बसलात, म्हणून माझ्या मुलीलाही बसवणार का?" ते "अकरा वर्षं," एवढंच म्हणाले आणि मैदानाकडे वळले.

माफी मागायची होती हो! पण इथे साध्या कॉफीलासुद्धा डायरी बघून वेळ ठरवतात. त्याच सबबीआड मी लपले. पुढच्या आठवड्यात… सुट्टी झाल्यावर… आणि एका सकाळी त्यांचं हृदयच थांबलं.

दोन आठवड्यांनी आनेकेकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्या संध्याकाळी तो जेवला नाही. म्हणाला, बाई खरं बोलली." तिने केलेली कॉफी तशीच ठेवून मी उठले.

घरी येऊन सईला विचारलं, "त्या दिवशी बाकावर फार वाईट वाटलं होतं का गं?" नेहमीप्रमाणे मराठी प्रश्नाला डच उत्तर आलं, "नाही. प्रोफे होते ना शेजारी." बाकीचे कोच रेषेवर उभे राहून ओरडतात, हे म्हणे प्रत्येक सामनाभर राखीव मुलीजवळ बसून राहायचे. चेंडू आला की हळूच विचारायचे, "आत्ता तू असतीस तर?" मी वर्षभर तिथेच उभी होते, पण माझे डोळे कायम गोलावर. मला हे दिसलंच नाही.

परवाच्या शनिवारी सई गोलात होती आणि लॉटे बाकावर, एकटीच. मी तिच्याजवळ गेले. मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं की बाई गं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तिने सरकून जागा दिली.

"चालेल," ती म्हणाली. "फक्त मधेच उठून जाऊ नका."