समोरचे दोन दात

तोंड उघडायला डॉक्टर कधी सांगत नसत. आधी स्वतःच आ करून मुलापुढे वाकत. "पहिले माझे मोज, बेटा." मूल मोजू लागे, आणि तेवढ्यात त्यांचं पाहून झालेलं असे. गोंदियाच्या बाजारात तेव्हा दातदुखीसाठी गेला असाल, तर तुम्हीही ते मोजले असतील. उजवीकडची दाढ नव्हती. "ती पानाने खाल्ली," म्हणत.

मी त्यांचा कंपाउंडर होतो.

स्वातंत्र्याला दोनेक वर्षं झाली असतील. नवेगाव बांधच्या तळ्यात मासे धरणारी एक ढिवरीण तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. ओठ दोन्हीकडून फाटलेला. मधला हिरडीचा तुकडा, त्यात दुधाचे दोन दात, नाकाखाली पुढे आलेला.

"हे समोरचं काढून टाका जी. पोट्टे चिडवून राहिले तिले."

तेव्हाची पद्धतही तीच होती. डॉक्टरांनी तो तुकडा दातांसकट कापून काढला. तबक माझ्या हातात होतं. पुढे नागपूरला ओठ शिवला गेला, आणि बाई टोपलीभर शिंगाडे घेऊन आली. डॉक्टर येईल त्याला "सोल, खा" म्हणत होते.

मुलगी वाढली, वरचा जबडा वाढला नाही. आठव्या वर्षी तिचा वरचा ओठ म्हातारीसारखा आत बसला. पेरूचा चावा घेता येईना.

"हे पोटात होती तवा गरहणात म्या वांगे चिरले जी. माह्याच पायी झालं," बाई म्हणाली.

"ओठ फाटला त्यात कोणाचा दोष नाही, बाई. चेहरा बसला तो माझ्या हाताने. ते दोन दात ठेवायला पाहिजे होते."

"असं काऊन म्हणता डॉक्टरसाहेब? तुमी त देवमाणूस."

त्या दिवशी ते जेवायला घरी गेले नाहीत.

मग दरवर्षी ते तिच्यासाठी नवी कवळी करत. वाढत्या तोंडाला जुनी पुरत नसे. बसवून झाली की हात जोडत. "माफ कर, बेटा." ती लाजून आईमागे लपे. मला एकदा म्हणाले, "आईला ऐकायचंच नाही. पोरगी मोठी झाली की तू सांग. नाहीतर जन्मभर आईलाच दोष देईल."

एका उन्हाळ्यात ते गेले. मी दवाखाना आवरत असताना ती आली. तेरा-चौदा वर्षांची. आई बाजारात थांबली होती.

"कवळी लय घट्ट होऊन राहिली जी," ती नाकातून येणाऱ्या आवाजात म्हणाली.

ते गेल्याचं मी सांगितलं. तिने त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं.

"मले माफी काऊन मागत होते ते?"

सगळं सांगायला मी तोंड उघडलं. पण तिच्या चेहऱ्यावर त्यांच्याविषयी जे होतं, ते मला मोडवेना.

"सगळ्याच मुलांना म्हणायचे," मी म्हणालो.

"मंग मायच्याच पायी झालं," ती शांतपणे म्हणाली.

कवळी ओढणीच्या टोकाला बांधून ती बाजाराकडे चालू लागली. मी दारात उभा होतो. हाक मारली असती, तर तिला ऐकू गेली असती.