तिरप्या नंबरची लेन्स

राजारामपुरीतल्या चष्म्याच्या दुकानात मला लेन्स घालायला शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला जाड भिंगांचा चष्मा होता. रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते, आणि चष्म्यात मुलगी थोराड दिसते असं आईचं ठाम मत. घरातली पहिली पदवीधर मी, तरी मुकाट्याने गेले.

माझा नंबर तिरपा. लेन्सवरची बारीक खूण बरोबर खाली बसावी लागते, ती फिरली की सगळं धूसर. बाई दर वेळी लेन्स उजेडात धरून खूण शोधायच्या, माझी पापणी ओढायच्या, आणि लेन्स माझ्या गालावर पडायची.

"वर बघा की ताई! बोटाला भिऊन चालतंय व्हय?"

वैतागून मी विचारलं, "मग तुम्ही का नाही घालत?"

"माझं लगीन झालंय की!"

मी हसले, पण डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते टिपलं आणि हळूच म्हणाल्या, "पावण्यांम्होरं रडू नका. लेन्स फिरती."

रविवारी मी रडले नाही. मुलगा मला अगदी स्पष्ट दिसला. त्याला चष्मा होता. चष्म्यात मुलगा कसा शिकलेला वाटतो, असं आई नंतर म्हणाली.