दारातल्या फणसाची गिटार: भोर, वरंध घाट, पोलादपूर

"देवळाचा वर्धापन हाय. तुझी ती गिटार घेऊन ये गो," असं तात्याकाका फोनवर म्हणाले आणि मी हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आता एक तर खोटं बोलावं लागणार, नाहीतर काकांचं मन मोडावं लागणार.

सांगते. मी पुण्यात दिवसा पोरांना फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात इलेक्ट्रिक गिटार बनवते. काकांच्या दारातला फणस वादळात पडला, त्याची पिवळीधमक फळी त्यांनी माळ्यावर वाळवून मला दिली. गावच्या खालूबाज्यात, म्हणजे ढोल-टिमकी-सनईच्या ताफ्यात, ते ढोल वाजवतात. ढोल फणसाचा, म्हणून गिटारही फणसाची, असा सरळ हिशोब. गिटार झालीय देखणी, मीच केलीय म्हणून सांगत नाही (मीच केलीय म्हणूनच सांगतेय). पण इलेक्ट्रिक गिटारीत आवाज पकडतं ते तारांखालचं पिकअप, म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वरची पोलादी तार हलली की यात वीज उमटते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. पिकअप किती उंचीवर बसवलंय, तारा ताज्या आहेत की गंजक्या, त्या टेकतात ती खाच नीट कापलीय का, सगळा खेळ यावर. लाकूड बरंचसं तारा ताणून धरायला, आवाजात त्याचा वाटा नावापुरता. यावरून नेटवर लोक एकमेकांच्या उरावर बसतात, मीही बसते. पण गिटारीतून आपला फणसच वाजणार असं धरून बसलेल्या काकांना हे कोण सांगणार?

पुण्याहून पहाटे निघाले. पेट्रोल भोरलाच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. पावसाळ्यात वरंध घाट बहुतेक बंद असतो, तेव्हा चौकशी केल्याशिवाय निघू नका. आता हिवाळा सरत आला होता, नीरा देवघर धरणाचं पाणी उजाडताना गुलाबी दिसत होतं. घाटमाथ्याच्या टपरीत कांदाभजी मागवली. मागच्या सीटवरची लांबुळकी पेटी बघून टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "बंदूक हाय काय गो?"

"गिटार आहे, मावशी."

"मंग वाजव की! माकडं तरी पळतील."

भजी मस्त, माकडं निगरगट्ट. वरंध गाव मागे टाकून महाडला उतरले आणि सुरमईची थाळी हाणली. सोलकढी दुसऱ्यांदा वाढतात, लाजू नका. पुढे पोलादपूरपर्यंत हायवे गुळगुळीत आहे. तिथून महाबळेश्वरच्या रस्त्याला जरा वर गेलं की काकांची वाडी.

वाडीत शिरले तर माझ्या आधी माझी कीर्ती पोचलेली! देवळाच्या पारावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "तात्याची पुतणी ना तू? फणस वाजवणार म्हणं?" दुसरे म्हणाले, "वाजवू दे, पण गरे निघाले तर आमालाबी दे." काकांनी मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनाही सोडलं नव्हतं. "लाकूड माझ्या दारातलं हाय," हे मी जेवायच्या आत चारदा तरी ऐकलं. मग त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आवाजात फणस येतो ना गो?"

"संध्याकाळी ऐका की," म्हणून मी वेळ मारून नेली. काकीने तांदळाची भाकरी वाढली होती, तिच्याकडे वळले.

जेवून जरा पडले. उठून बघते तर गिटार जागेवर नाही. अंगणात पेंढ्याचा जाळ केला होता आणि त्याच्याभोवती ढोल, टिमक्या शेकायला मांडल्या होत्या, कातडं ताणून यावं म्हणून. वाजवण्याआधी इथे असंच करतात. त्या रांगेत, जाळाला अगदी चिकटून, माझी गिटार!

"काका! अहो, काय केलंत हे?"

"गार पडली हुती. शेकवली जरा," काका कौतुकाने म्हणाले.

पिकअपमधून मेण ओघळत होतं. तांब्याच्या वेढ्यांत मेण भरतात ते वेढे गच्च बसावेत म्हणून. ते निघून गेलं तर वेढे थरथरतात आणि आवाज वाढवला की गिटार किंचाळते. घाईघाईने सोबत आणलेल्या अँपला जोडली. किंचाळलीच. आवाज उतरवला, पण माझा तोल गेला. "वाट लागली हिची! आता काय वाजवू, कपाळ?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "माझ्यामुळं बिघडली?" एवढंच म्हणाले. आणि ढोल तपासतात तशी त्यांनी गिटारीच्या लाकडावर बोटाने टिचकी मारली.

ठण्! अख्ख्या अंगणाने ऐकलं. काकांनी जरा खाली तळवा मारला. धब्! टिमकीवाल्यांचे हात थांबले. मेण गेल्यामुळे पिकअपला आता तारेबरोबर लाकडाची थरथरही कळत होती.

"काका," मी म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले, "हा तुमचा फणस."

संध्याकाळी देवळापुढे गिटार आडवी ठेवली. मी आवाज बेताचा ठेवून तारा छेडत होते, समोर बसून काका लाकडावर ठेका धरत होते, बाजूला सनई. आजोबा पारावरून ओरडले, "तात्या, गरे निघाले रं!" माझे काका, पांढरी टोपी, ताठ मान. आयुष्यात एवढा अभिमान मला कशाचा वाटला नाही.

आंबेनळी घाटाने, वाईवरून परत आले. हा रस्ता लांब आहे, पण सुरेख. घरी आल्यावर मेण आणलं, वितळवलं, आणि गॅस बंद केला. ही अशीच राहू दे, रोजच्या वाजवण्यासाठी दुसरी गिटार आहे माझ्याकडे.

परवा काकांचा फोन आला. गिटार आपल्यामुळे बिघडली ही रुखरुख आवाजात अजून होतीच. "केलीस का गो दुरुस्त?"

मी गिटार अँपला जोडली. फोन अँपजवळ धरला आणि लाकडावर टिचकी मारली.

पलीकडे काका काकीला हाका मारायला लागले, "अगो, इकडं ये, लवकर ये! आपला फणस बोलतोय पुण्याहून!"