सरदारबीने बांधलेला पायबंद

सरदारबीचा डावा खांदा का दुखतो आहे, हे मला कळत नाही. घोडीची लाथ बसली ती पोटाला, डाव्या बरगडीच्या खाली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. खांद्याला कुठेही काही लागलेलं नाही, साधं खरचटलेलंसुद्धा नाही. तरी संध्याकाळपासून ती खांदाच धरून आहे.

घरातले सगळे झोपले आहेत. मागच्या ओसरीत सरदारबीला बाज टाकून दिली आहे आणि तिची नणंद खैरुनबी उशाशी बसली आहे. मी दोनदा जाऊन पाहून आले. झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

सरदारबी आमच्या घोड्यांची चाबूकस्वार. धाराशिवात ही ओळख करून दिली की नवा माणूस हसतो, कारण चाबूकस्वार बाई असते हे कुणी ऐकलेलं नसतं. तिचा नवरा रसूल हे काम करायचा. कोऱ्या घोड्याला लगाम शिकवायचा, टांग्याला जुंपायचा. तो प्लेगात गेला, तेव्हा आमच्याकडचं एक शिंगरू अर्धवट शिकवून झालं होतं. ते कुणालाच जवळ येऊ देईना. चौथ्या महिन्यात सरदारबी रसूलचा चाबूक घेऊन कुरणाच्या फाटकापाशी उभी राहिली आणि माझ्या यजमानांना म्हणाली, "वकीलसाब, हे जनावर माझ्या घरातल्या भाकरी खाऊन वाढलंय. दुसऱ्याच्या हाती देऊ नका."

मोहल्ल्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. यजमानांनी, म्हणजे अण्णासाहेबांनी, तिला ठेवून घेतलं. तो चाबूक तिने कुठल्या घोड्यावर उगारलेला मला आठवत नाही. त्याच्या दांड्याने ती स्वतःची पाठ खाजवते.

बेंबळीच्या रस्त्याला आमचं कुरण आहे. भोवती दगडी बांध, आत चार घोड्या. त्यांची म्होरकी हरणी. कळपात नवं जनावर सोडायचं, तर सरदारबीचा रिवाज ठरलेला. आधी नव्या घोडीला बांधाच्या बाहेरून रोज फिरवायचं. आतल्या घोड्या आतून चालणार, ही बाहेरून. मग हरणीच्या पाठीवरची घामट झूल नवीच्या पाठीवर टाकायची. सगळ्यांची पोटं तुडुंब भरली की मगच फाटक उघडायचं, आणि नवीच्या अंगावर दोरीचा एक धागाही ठेवायचा नाही. कळपाने आपलंसं करेपर्यंत तिला नावही ठेवायचं नाही. नाव सरदारबीच ठेवणार, दुसऱ्या कुणी ठेवलेलं तिला चालत नाही.

"मारतील की तिला," मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले होते.

"मारणारच, ताईसाब. वकीलसाब, तुमच्या अदालतीत नव्या वकिलाला पहिल्या दिवशी कोण खुर्ची देतं का?"

"मला तर अजून देत नाहीत," अण्णासाहेब म्हणाले.

"मग! नवीनं पळायचं, जुन्यांनी पळवायचं. पळून पळून दोघी दमल्या की चरायला लागतात. पळायला जागा पायजे, बस्स."

पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढून मला घोड्यांमधलं काही कळत नाही. काळजी करणं मात्र कळतं. माझी सत्यभामा चौदा वर्षांची. तिला सरदारबीने घोड्यावर बसायला शिकवलं, तेव्हा मी फाटकाला धरून रामरक्षा म्हणत असे. सरदारबी ओरडायची, "ताईसाब, जरा मोठ्यानं म्हणा, घोडीलापण ऐकू जाऊ द्या!"

गेल्या वर्षी येरमाळ्याहून घेतलेली एक घोडी मात्र तिच्या हातून निसटली. फाटक उघडून सोडली, हरणीने पळवली, आणि ती बांधावरून उडी मारून जी सुटली ती थेट येरमाळ्याला, जुन्या मालकाच्या दारात. सरदारबी तिला आणायला गेली, तर ती अंगणात कडबा खात उभी. सडकेवरचे दुकानदार म्हणाले, "काय सरदारबी, सून पंचमीला आली वाटतं माहेरी!" ते इकडेही पोचलं. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी कुणी ना कुणी विचारतंच, "बी, घोडी घरी हाय का आज?" ती शिव्या घालायची, सगळे हसायचे. तीही हसायची. मला वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. या वेळची नवी घोडी मुरूमच्या शरणबसप्पांकडची, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. बांधाबाहेरून फिरवणं झालं, झूल झाली. आज सकाळी सत्यभामा आणि मी बांधापाशी उभ्या होतो. फाटकाच्या आत नवीला उभं करून सरदारबी खाली बसली आणि कमरेचा दोर काढून तिच्या पुढच्या दोन्ही पायांना बांधू लागली. पायबंद. नवा बैल घेतला, नवी गाय घेतली, तरी आपल्याकडे घालतातच, जनावर जुन्या घराकडे पळू नये म्हणून. पण सरदारबीने घोडीला घातलेला मी कधी पाहिला नव्हता.

"सरदारबी, पायबंद? तुम्ही तर कधी घालत नाही."

"घडीभर. बघते आता कशी जाते माहेरी."

"पण बाकीच्या आल्या अंगावर तर?"

"हरणी माझ्या हाताची हाय. तुमचं काय, ताईसाब, तुम्हाला गार पाण्यानंपण भाजतं."

सत्यभामा खुदकन हसली.

हरणीने मान वर केली, कान मागे पाडले आणि चालत आली. धावत नव्हे, चालत. नवीने वळायचा प्रयत्न केला. दोन्ही पुढचे पाय एकदम उचलून तिने बेडकासारख्या दोन उड्या मारल्या. तोवर बाकीच्या तिघीही आल्या होत्या. नवी बांधाच्या कोपऱ्यात अडकली आणि हरणीने पाठ फिरवली. तो आवाज मी विसरणार नाही. भिजलेल्या पोत्यावर दांडकं मारावं तसा. नवी खाली पडली. पडलेल्या जनावरालाही त्या सोडेनात. रोज सकाळी माझ्या लेकीच्या हातून गूळ खाणाऱ्या त्या घोड्या!

सत्यभामा किंचाळली. ती बांधावर चढू लागली तशी मी तिची वेणी धरली आणि मागे ओढली.

सरदारबी मात्र आत गेली. हातात सुरी, तोंडाने "हट, हट गे!" म्हणत ती त्या पायांमध्ये शिरली, गुडघ्यांवर बसली आणि दोर कापू लागली. दोर तुटला. तेवढ्यात हरणीचा पाय मागे आला आणि सरदारबी बांधावर आदळली.

नवी धडपडत उठली आणि पळाली. कुरणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळाली, मोकळ्या पायांनी. हरणी थोडी मागे गेली, थांबली, आणि खाली मान घालून चरायला लागली. काही झालंच नाही अशी. मला त्या चरण्याचा जास्त धक्का बसला.

आम्ही पोचेपर्यंत सरदारबी उठून पदर झटकत होती. "बघा, हरणीनं सलाम केला मला," ती म्हणाली. मग तिने स्वतःच आरडाओरडा करून जनावरांच्या डॉक्टरला, सलोतऱ्याला, बोलावणं धाडलं. त्याने नवीची मांडी धुतली, टाके घातले, पट्टी बांधली. जाताना त्याने विचारलं, "बी, तुम्हाला काही लागलं?"

"मी काय घोडी हाय का?" ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

दुपारी ती जेवली नाही. पाणी मात्र सारखं मागत होती. मी तिला घरी जाऊ दिलं नाही, ओसरीत निजवलं. खैरुनबीने तंबाखूचा बटवा पुढे केला, तर तिने तो हाताने बाजूला सारला. रसूलच्या मयताच्या दिवशीही त्या बाईच्या गालात तंबाखू होती. आणि मग खांदा दुखतो म्हणाली.

दिवेलागणीला सत्यभामा तिच्याजवळ जाऊन बसली. "बी, नवी हरणीच्या जवळ चरतेय आता. अगदी जवळ. मी पाहून आले."

सरदारबीने डोळे उघडले. "चरतीय? मग झालं."

"नाव काय ठेवायचं तिचं?"

"तूच ठेव, बाळा."

सत्यभामा आनंदाने उड्या मारत माझ्याकडे आली. मी देवापाशी वात लावत होते, ती हातातून पडली.

अण्णासाहेबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मुका मार आहे. खैरुनबीने हळद लावली आहे. उजाडल्यावर दवाखान्यात नेऊ. तू आता झोप, नाहीतर तुझ्यासाठी डॉक्टर आणावा लागेल."

त्यांचंही चुकलं नाही. आमच्या घरी वकिलीसाठी घेतलेला फोन आहे. गेल्या हिवाळ्यात सत्यभामाची उचकी थांबेना, म्हणून मी सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना रात्री फोन केला होता. ते बिचारे लेंगा आणि कानटोपीतच मोटारीत बसून आले. त्यांना त्या अवतारात पाहून पोरीची उचकी थांबली. ते म्हणाले होते, "बाईसाहेब, यापुढे मरण दारात उभं असल्याशिवाय रात्रीचा फोन करू नका." ही गोष्ट यजमान अजून पाहुण्यांना सांगतात.

आत्ता पुन्हा उठून पाहून आले. सरदारबीचा तळहात हातात घेतला. कंदिलाच्या उजेडात तिचे ओठ राखेसारखे दिसले. हाताला घाम, आणि हात गार. ज्या हाताने ती माझी नेहमी थट्टा करत पाठीवर थाप मारते, तो हात.

"मघापासून बोलत न्हायत," खैरुनबी म्हणाली. "नुसतं पाणी मागतायत."

"सरदारबी," मी म्हटलं, "मी डॉक्टरांना फोन करू?"

ती थट्टा करील म्हणून मी थांबले. एवढी वाट मी कधी कुणाच्या थट्टेची पाहिली नसेल. तिने फक्त मान हलवली. हो म्हणून.

मरण दारात आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी येऊन पाहावं आणि ते सांगावं. नसलं, तर पाहुण्यांना सांगायला यजमानांना आणखी एक गोष्ट मिळेल. टेलिफोन बाहेरच्या बैठकीत आहे. मी कंदील घेऊन निघाले आहे.