समोरच्या खोलीतली खाट

माझ्या नवऱ्याचं बायपास संभाजीनगरला झालं आणि चांगलं झालं. सुट्टीच्या कागदावर गोळ्या, पथ्य, टाक्यांची काळजी असं सगळं टाइप केलेलं होतं. सगळ्यात खाली एक ओळ होती, कार्डिअॅक रिहॅब घ्यावं. मी यादी केल्याशिवाय बाजारालासुद्धा जात नाही. कागदावर आहे म्हणजे करायचं आहे, म्हणून मी काउंटरवर विचारलं, हे कुठे मिळतं? तिथल्या मुलीने सांगितलं की मागच्या हॉलमध्ये. छातीला वायरी लावून पेशंटला चालवतात, हळूहळू वजन उचलायला लावतात, शेजारी माणूस उभा असतो. काही महिने, आठवड्यातून दोनतीनदा यावं लागेल. आम्ही माजलगावचे, यायलाच तीन-चार तास लागतात, असं मी म्हणाले. तिने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

नवऱ्याचं मोंढ्याजवळ, धान्याच्या बाजाराशेजारी, मोटार वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की त्या पुन्हा तार भरून चालू करून द्यायच्या. तार भरायचं काम बसून होतं. पण मोटार बाकावर चढवायची आणि परत गिऱ्हाइकाच्या टमटममध्ये ठेवायची, ती छाती लावूनच. म्हणून त्यांचा प्रश्न एकच होता, मी आता किती उचलू? सुट्टी देताना डॉक्टरांना विचारला. डॉक्टर म्हणाले, जड काही नको, हळूहळू वाढवा, जमेल तितकं.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, “भरलेली मोटार मी लोड देऊन, चालवून बघितल्याबिगर गिऱ्हाइकाला देत न्हाई. माझी मला तशीच दिली.”

ड्रायव्हर हसला. तेही हसले, आणि हसताना छाती धरली.

घरी गेवराईची नणंद आधीच येऊन बसली होती. तिने समोरच्या खोलीत खाट टाकली, गादीवर नवी चादर घातली, उशाशी टेबल ठेवलं. भेटायला येणाऱ्यांना आत यावं लागू नये, ही त्यातली सोय. आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला बाळंतिणीसारखं ठेवतात. अंग झाकायचं, वाऱ्याला जाऊ द्यायचं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यायचा. तूप घातलेला शिरा मी बंद केला, एवढंच मला जमलं. माणसं येत गेली. सोयरे, गिऱ्हाइकं, कारखान्यावरचे ओळखीचे. शहाळी आली, बिस्किटांचे पुडे आले. प्रत्येकाने त्यांचा शर्ट वर करून टाके बघितले आणि प्रत्येकाला कुणीतरी आठवत होतं, जो असाच बरा झाला होता, चालायला लागला आणि गेला.

मी त्यांना पहाटे उठवून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊ लागले. काही दिवस बरे गेले. तोंडावर रंग आला, भूक लागू लागली. एका सकाळी दूध घ्यायला उभ्या असलेल्या शेजाऱ्याने बघितलं.

“मिस्त्री, तुमी तर हिंडायलात की. आमी आज भेटायला येणार होतो.”

वाईट बोलला नाही तो. पण ते तिथूनच वळले. संध्याकाळी शेजारी बायकोला घेऊन आला, तेव्हा ते चादर ओढून पडले होते, आलेल्या माणसाची फेरी फुकट जाऊ नये म्हणून. नणंद पंख्याचा वेग कमी करत म्हणाली, दादाला लई थकवा हाय. दुसऱ्या पहाटे मी हाक मारली, तर त्यांनी कूस बदलली.

मी अंबाजोगाईला एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेले. बाहेर बाकावर सगळे गुडघ्यांचे आणि लकव्याचे पेशंट होते. माणूस सरळ होता. त्याने कागद वाचला, नवऱ्याची नाडी बघितली आणि म्हणाला, “ताई, चालवताना हृदयावर लक्ष ठेवायची मशीन माझ्याकडे नाही. मी हात लावला आणि काही झालं तर? चालू द्या त्यांना. जमेल तितकं.” फी घेतली नाही.

आमच्या चौकात एक फळवाले चाचा होते. त्यांचं तेच ऑपरेशन आमच्या आधी, दुसऱ्या गावी झालं होतं. तेही असेच कागद घेऊन घरी आले, पण त्यांच्या घरात पडून राहायला जागाच नव्हती. महिना उलटला तसे ते गाडा लावू लागले. एके दिवशी पपई घेऊन आले आणि खाटेजवळ उभे राहिले.

“क्या बे मिस्त्री, खाटेला खिळे ठोकून घेतले का? काहून पडून राहिलास?”

नवरा म्हणाला, “तू किती उचलतोस?”

“किती म्हंजे? मला बोलले, जमेल तेवढं करो. मला घरी बसणं जमत न्हाई. गाडा जमतो.”

त्या दिवशी नवरा खूप दिवसांनी मोकळा हसला. चाचा गेल्यावर उठून दारापर्यंत गेला, चपला शोधल्या, गल्लीच्या टोकापर्यंत एकटा जाऊन आला. मी रात्री दुकान उघडायच्या कामांची यादी केली. बाकाला चाकं लावून घ्यायची, उचलायला हमाल लावायचा, सुरुवातीला फक्त तार भरायची. यादी त्यांना वाचून दाखवली, तर म्हणाले, चाकं मोठी घे.

कलिंगडं आली तसा चाचांनी गाडा भरला. मोंढ्याच्या चढावर ढकलत असताना तिथेच बसले. बसलेलेच राहिले.

नवऱ्याला चाचांच्या मातीला जायचं होतं. नणंद आडवी आली, मी तिला बाजूला केलं. पण कब्रस्तानचा रस्ता लांबचा, आणि त्यांनी मला विचारलं, एवढं चाललेलं चालेल का? मी सुट्टीचा कागद काढून वाचला, त्यात अंतर लिहिलेलं नव्हतं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. माणसं गेली, तसे ते परत येऊन खाटेवर बसले. त्यानंतर गल्लीचं टोक बंद झालं. मग अंगण बंद झालं.

नणंदेची मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिने फोनवर सगळं समजावून सांगितलं. त्यांच्याकडे असे वर्ग असतात, म्हातारेकोतारे फिरत्या पट्ट्यावर चालतात, ती बाजूला उभी राहून, आता बस, थांबा, असं म्हणते. तिथेही सगळ्यांना जागा मिळत नाही मामी, लांबची माणसं येत नाहीत, बायका तर घर सोडून येतच नाहीत, असंही ती म्हणाली. नवऱ्याने फोन हातात घेतला.

“मग तूच सांग ना तिथून. बस म्हणायचं तेवढं.”

ती म्हणाली, “मामा, तुम्हाला चालताना बघितल्याशिवाय मी कसं सांगू?”

दुकान आम्ही एका मोबाइलवाल्याला भाड्याने दिलं. बाक भंगारात गेला, त्याला चाकं लागलीच नव्हती. नणंद गेवराईला गेली. भेटायला येणारे केव्हाच थांबले, खाट मात्र समोरच्या खोलीतच आहे. आत घेऊ या का, असं मी दोनदा विचारलं. राहू दे, कुणी आलं तर, असं ते म्हणतात. औषधं चुकत नाहीत, त्याची यादी फ्रिजवर आहे. तपासणीला गेलो की रिपोर्ट चांगले येतात. जिना चढायची वेळ येत नाही, म्हणून दम लागत नाही. पायांच्या काड्या झाल्या आहेत.

परवा नळाला पाणी आलं. मी कळशी भरून उंबऱ्याशी ठेवली आणि दुसरी लावायला वळले. मागे बघितलं तर ते खाटेवरून उठून आले होते. वाकून कळशीच्या गळ्याला हात लावला होता, पण उचलली नव्हती. माझ्याकडे बघत होते.

“उचलू का गं?”

मी कळशीकडे बघितलं, त्यांच्या हाताकडे बघितलं. पाणी वाहून चाललं होतं.

“राहू द्या,” मी म्हणाले.

त्यांनी हात काढला, पंच्याला पुसला आणि जाऊन पडले.